बुडणाऱ्या गावाची यादी कोण लिहितो?

(धरणाच्या मोजणीची नोटीस लागलेल्या एका गावी, मारुतीच्या देवळापुढे भरलेल्या सभेत एका खेड्यातील शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



सुगीचे दिवस आहेत, खळी पडली आहेत, गुरांची वैरण व्हावयाची आहे. तरी रात्रीचे आपण इतके जण येथे जमलात, यावरून चावडीवर लागलेल्या कागदाने आपल्या पोटात किती कालवाकालव केली आहे ते दिसतेच. आम्ही वक्ते नव्हे. पोरांना बाराखडी व उजळणी शिकविणे हा आमचा धंदा. परंतु गेली चौदा वर्षे आम्ही ज्या गावी मास्तरकी करीत आहोत ते गाव धरणातून उठून आलेले आहे. गाव उठल्यावर माणसाचे काय होते, हे आम्हांस ग्रंथ वाचून कळलेले नाही. ते आमच्या वर्गात रोज सकाळी बाकावर येऊन बसते. म्हणून आपल्या मंडळींनी निरोप धाडला तेव्हा आम्ही नाही म्हटले नाही.

येताना तो कागद आम्ही उभे राहून वाचला. वरचा कोपरा वाऱ्याने फाटला आहे. त्यात गट नंबर आहेत, क्षेत्र आहे, नावे आहेत. आम्ही नावे मोजली, आणि मग येथल्या मास्तरांना विचारले की गावात चुली किती? चुली नावांच्या दुपटीहून अधिक निघाल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक गाव त्या कागदात नाहीच. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या कागदाबाहेर राहिलेल्या चुलींविषयी.

प्रथम एक गैरसमज दूर करणे प्राप्त आहे. आम्ही धरणाचे वैरी नव्हे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारने जागोजाग तळी, तलाव, बंधारे बांधावे अशी मागणी केली आहे. खडकवासल्याच्या धरणाच्या कामी त्यांनी स्वतः सामान पुरविले होते. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी राधानगरीचे धरण हाती घेतले ते रयतेच्या शेताला पाणी मिळावे म्हणूनच. पाणी अडले पाहिजे यात वाद नाही. वाद आहे तो इतकाच, की ज्याच्या उंबऱ्यावर ते अडते त्याची वाट काय? आणि त्याची वाट लावण्याचा कागद लिहावयास बसतो कोण?

आता सातबारा घ्या. सातबारा म्हणजे गाव असे कचेरीत समजतात. पण सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. जो अर्धेलीने, तिहेलीने दुसऱ्याची जमीन कसतो त्याचे नाव असते काय? १९४८ साली कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा कूळ मालक ठरू लागला, तेव्हापासून जमीनवाले इतके हुशार झाले की वाटेकऱ्याचे नाव कागदावर चढूच देत नाहीत. सारा व्यवहार तोंडी. बैल त्याचे, घाम त्याचा, आणि पीकपाण्याच्या रकान्यात ‘खुद्द’ असा शेरा! मग जमीन बुडाली की मोबदला ‘खुद्द’ला.

आणि ज्यांना मुळी गट नंबरच नाही त्यांचे काय? लोहाराचा भाता, सुताराची पडवी, कुंभाराची आवी, चांभाराची आरी, परटाचा घाट, न्हाव्याची धोकटी, धनगराची मेंढरे चरावयाचे गायरान, भोयाचा डोह, घिसाड्याचे पाल. या सर्वांची पोटे गावावर आहेत. कुंभाराची माती ज्या तळ्याच्या काठची, ते तळे सरकारी. ते बुडाले तर कुंभाराचे काय बुडाले? कचेरीच्या हिशेबी काहीच नाही. गावाचा माणूस जमिनीला जसा बांधलेला असतो तसा तो शेजाऱ्याला बांधलेला असतो, आणि शेजार मोजण्याची साखळी अजून कोणत्याही मोजणीदाराजवळ आम्ही पाहिली नाही.

आमच्या गावी एक सुतार आहेत. जुन्या गावी त्यांच्या घराण्याकडे पन्नासावर घरांचे बलुते होते. नांगर, कुळव, पाभर, गाडीचे जू, लग्नातले पाट, पाळणा, आणि शेवटी तिरडीचे बांबू. सारे त्यांच्या हातचे. गाव उठले तेव्हा एका गावाची तीन गावठाणे झाली, तीन ठिकाणी, तीन वाटांनी. सुतारांस राहावयास जागा मिळाली, हे खरे. पण पन्नास घरे कोण देणार? जी वीस-पंचवीस घरे शेजारी आली त्यांना ट्रॅक्टरवाल्याने नांगरट करून देण्याची सवय लागली. आज ते तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या दुकानात दरवाजांना रंगरोगण करतात. हत्यारांची पेटी घरी खाटेखाली आहे. पोरगा आमच्या हाताखाली शिकून गेला. त्याला पटाशी धरता येत नाही, आणि धरून करील तरी काय?

हे आजचे आहे असे समजू नका. आपल्या देशी राजवटीपूर्वीची गोष्ट सांगतो. मुळशी पेट्यात नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले. वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना. मावळची नदी पूर्वेकडे वाहते. तिचे पाणी बोगद्यातून पश्चिमेस वळवून घाटाखाली भिऱ्याला टाकायचे आणि त्यावर वीज करायची, असा बेत. पन्नासाच्या वर गावे त्यात जावयाची होती. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा इंग्रज सरकारने कंपनीच्या हाती दिला. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. बायाबापड्या धरणाच्या कामावर जाऊन बसल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. गाडी अडविल्याच्या खटल्यात त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. (बापट जन्माने ब्राह्मण होते. मावळ्यांसाठी ते तुरुंगात गेले हे आम्ही शंभर वेळा सांगू. आमचा झगडा जन्माशी नाही, दुसऱ्याच्या घामावर बसून खाण्याशी आहे.)

एवढे होऊनही लढा का मोडला? याचे एक मोठे कारण सातबाऱ्याच्या भाषेत सांगता येते. मुळशीच्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या झाल्या होत्या. कर्जाच्या पायी मावळा आपल्याच आजोबाच्या शेतात कूळ होऊन राबत होता. त्याला जमीन म्हणजे आई. सावकाराला जमीन म्हणजे अडकलेली रक्कम. कंपनीच्या मोबदल्याने ती रक्कम मोकळी होत होती. तेव्हा सावकारांना ‘भाव किती?’ एवढाच प्रश्न उरला, आणि मावळ्यांच्या वतीने बोलणाऱ्या पुढाऱ्यांत दोन तट पडले. मोबदला घेणारा एक आणि बुडणारा दुसरा, अशी मुळशीची कथा आहे. १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईकडे निघाली. मावळा बायकापोरांसह कोठे गेला, याची यादी करावयास कोणी बसले नाही.

पुढे इंग्रज गेला. आपले राज्य आले. १९५४ साली कोयनेचे काम सुरू झाले. आज आपल्या घरांत जो दिवा लागतो त्याच्यामागे कोयनेचे पाणी आहे, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांची शिवारे आहेत, हे विसरणे त्याहून कृतघ्नपणाचे. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, आणि त्या वेळी ज्यास कुलाबा म्हणत तो रायगड, अशा जिल्ह्यांत माणसे पांगली. डोंगरउतारावर नाचणी-वरी करणारा माणूस सोलापूरच्या काळ्या रानात नेऊन उभा केला, तर त्याच्या हाताला कोणते बी ओळखू येणार? जे वरच्या अंगाला तेथेच राहिले त्यांच्यावर ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंप कोसळला. मग १९८५ साली अभयारण्य झाले, २०१० साली वाघांचा प्रकल्प झाला, आणि धरणाने एकदा उठविलेल्या खोऱ्यात उरलेल्यांवर पुन्हा उठण्याची पाळी आली. देशासाठी त्याग करा असे एकाच घराला तीन पिढ्या सांगत राहावयाचे, यास काही सुमार?

पुनर्वसनाचा कायदा झाला तो कोणा मंत्र्याच्या दयेने झाला नाही. सत्यशोधकी वाटेने चाललेल्या डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या मंडळींनी धरणग्रस्तांच्या परिषदा भरविल्या, माणसे रस्त्यावर आणली, ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ असा आग्रह धरला, तेव्हा १९७६ साली महाराष्ट्राने कायदा केला. पुढे १९८६ व १९९९ साली तो नव्याने केला. त्यातले तत्त्व न्यायाचे होते. ज्याच्या त्यागाने पाणी साठले त्यास त्या पाण्याखाली भिजणाऱ्या रानात, म्हणजे लाभक्षेत्रात, जमीन द्यावयाची; आणि ती लाभक्षेत्रातल्या मोठ्या बागायतदाराकडून ठरलेल्या मर्यादेप्रमाणे काढून घ्यावयाची. नव्या गावठाणात अठरा नागरी सोयी द्यावयाच्या. प्रकल्पग्रस्ताच्या घरातील एकास सरकारी नोकरीत पाच टक्के राखीव जागांतून संधी द्यावयाची.

तत्त्व असे, आणि तपशील कसा? त्यात एक अट होती. ज्याला बदली जमीन पाहिजे त्याने आपल्या मोबदल्याचे पासष्ट टक्के मुदतीत सरकारात परत भरले पाहिजेत. आमच्या गावी एक म्हातारी आहे. तिच्या घरात मोबदला आला तेव्हा सोसायटीचे कर्ज होते, मुलीचे लग्न ठरले होते. नवऱ्याने दोन्ही वारली. पुढे जमीन वाटपाच्या वेळी कचेरीत सांगितले, तुम्ही पासष्ट टक्के भरले नाहीत, तुम्ही अपात्र. म्हातारी म्हणे, आम्हाला कोणी बोलले नाही. कारकुनाने फाईल काढली. त्यात नोटीस होती आणि पोच म्हणून नवऱ्याचा अंगठा होता. नोटीस आली होती, बंधूंनो! वाचून दाखविली नव्हती एवढेच. तो कागद आम्ही स्वतः पाहिला. शुद्ध मराठीत, टाईप केलेला, खाली अंगठा. मास्तराच्या जन्माला येऊन आम्हांस त्या दिवशी जेवण गेले नाही. एका अंगठ्याने तीन एकर जमीन गेली, आणि त्यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते.

दुसरी एक गोष्ट शाळेची आहे म्हणून आमच्या अधिक जिव्हारी लागते. गाव हलताना जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर पोत्यात घालून ट्रकात टाकले. वाटेत पाऊस लागला. काही पाने पुसली, काही चिकटली. तेव्हा कोणास त्याचे काही वाटले नाही. सगळ्यांचे लक्ष कौले आणि वासे यांवर. पण आज जातीची पडताळणी करावयाची तर इतर मागासवर्गीयांस १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांस १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींस १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो पुरावा बहुधा आजोबाच्या शाळेच्या नोंदीत असतो. ज्याचा आजोबा त्या पुसलेल्या पानावर होता, त्या नातवाची मोठ्या विद्यालयातली जागा गेली. धरणाने काय बुडविले याचा पंचनामा करताना हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? तेव्हा हात जोडून सांगतो, पत्रे काढण्याआधी रजिस्टर काढा. त्याच्या नकला आताच करून घ्या, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्याही घ्या.

आता थोडे कडू बोलावे लागेल. पूर्वी आमचे पुढारी शेटजी-भटजींच्या नावे बोटे मोडीत, आणि ते काही खोटे नव्हते. पण आज धरणाखालच्या लाभक्षेत्रात ऊस कोणाचा आहे? साखर कारखाना कोणाच्या हाती आहे? पुष्कळ ठिकाणी आमच्याच जातभाईंच्या. ज्यांच्या आजोबांनी जलशांतून सावकाराविरुद्ध गाणी म्हटली, त्यांचे नातू धरणग्रस्ताला एक एकर द्यावयाची वेळ आली की वकील गाठतात, जमीन मुलाबाळांच्या नावे आगाऊ वाटून मर्यादेखाली आणतात, आणि द्यावीच लागली तर नाल्याकडेचा खडकाळ, नाही तर मीठ फुटलेला तुकडा पुढे करतात. आमच्या गावच्या मंडळींना मिळालेल्या रानात पहिली चार वर्षे दगड वेचण्यात गेली. शेजारच्या जुन्या गावाने त्यांना पाणवठ्यावरून बोलणी ऐकविली ती निराळीच. ‘धरणवाले’ ही आता तेथे एक जातच झाली आहे. बहुजन म्हणून एका व्यासपीठावर बसावयाचे, आणि खाली उतरल्यावर आपल्याच भावाला पाण्याची पाळी द्यावयाची नाही, हे कसले सत्यशोधन? याच्या उलट नमुनाही आपल्याच मुलखात आहे. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजाच्या नावाने धरण बांधले, आणि त्याच्या पाण्यात भूमिहीनाचाही वाटा धरला. जमीन असेल त्यालाच पाणी हा देवाचा कायदा नव्हे, माणसाने केलेला आहे.

असो. आपल्या पुढच्या कामाकडे वळू. १८९४ चा इंग्रजी कायदा एकशेवीस वर्षे चालला. २०१३ साली नवा कायदा झाला, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात एक वाक्य आहे, जे मुळशीच्या मावळ्याला मिळाले असते तर इतिहास निराळा झाला असता. ज्याच्या नावे जमीन नाही, पण जो शेतमजूर आहे, कूळ आहे, वाटेकरी आहे किंवा कारागीर आहे, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करीत आहे आणि ज्याचे मुख्य पोट त्या संपादनाने मारले जाते, त्याचे कुटुंबही ‘बाधित कुटुंब’ होय. सुतार, लोहार, कुंभार यांना कायद्याने प्रथमच डोळे उघडून पाहिले! आणखी ऐका. विधवा, घटस्फोटित व टाकलेली बाई हिचे कुटुंब स्वतंत्र धरावयाचे. ती भावाच्या किंवा दिराच्या नावाखाली झाकली जाणार नाही. सज्ञान मुलगा असो वा मुलगी, त्याचेही कुटुंब वेगळे.

अशा बाधित कुटुंबास काय मिळावयाचे? घर गेले तर घर. उदरनिर्वाहासाठी नोकरी, नाही तर एकरकमी पाच लाख, नाही तर वीस वर्षे दरमहा निदान दोन हजार. उठावे लागलेल्या कुटुंबास वर्षभर दरमहा तीन हजार, सामान हलवावयास पन्नास हजार. उठावे लागलेल्या कारागिरास व लहान दुकानदारास निदान पंचवीस हजार. धरणाच्या कामी ज्याची जमीन गेली त्यास लाभक्षेत्रात शक्य तेथे निदान एक एकर. तलावात मासेमारीचा हक्क बाधितांना देता येतो, हे येथल्या भोई बंधूंनी ध्यानात ठेवावे. नाही तर आपला डोह बुडेल आणि वरच्या पाण्याचा ठेका शहरचा व्यापारी घेईल. आणि पाणी साठविण्यापूर्वी सहा महिने पुनर्वसन पुरे झाले पाहिजे.

रकमा फार मोठ्या नाहीत. पंचवीस हजारांत लोहाराचा नवा भाता कोणत्या गावी पेटणार, हे आम्हांसही कळत नाही. पण नाव यादीत असले तर भांडता येते.

आणि यादी आपोआप होत नाही. यादीसाठी कुटुंबांची गणना होते, तिच्यावर ग्रामसभेत सुनावणी होते. त्या दिवशी आपण रोजगारावर गेला असाल, तर आपण तीन वर्षे येथे राबत होता हे कोण सांगणार? पुरावा काय द्याल? रेशनकार्ड, मतदारयादी, पोराच्या शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराची नोंद, वीजबिल, बाजाराच्या पावत्या. आणि यांतले काहीच नसेल त्यांच्याकरिता ग्रामसभेचा ठराव, की अमुक इसम येथे इतकी वर्षे लोहारकाम करतो. जमीनवाल्यांनो, वाटेकऱ्याच्या बाजूने त्या ठरावावर पहिली सही तुमची पडली पाहिजे. तुमच्या मोबदल्यातून त्याचे काही जात नाही. तो आपला वेगळा हक्क मागतो आहे. ही भीती ज्यांना आहे त्यांनी ती आजच येथे बोलून दाखवावी, आम्ही कायद्याचे पुस्तक बरोबर आणले आहे.

प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून साठ दिवसांत हरकत लेखी घ्यावयाची असते. संयुक्त मोजणीला माणसे येतील तेव्हा घरचा शहाणा माणूस हजर ठेवा. आंब्याची झाडे, बांधावरचा साग, विहीर, बोअर, जमिनीखालची पाईप, गोठा, सारे त्यांच्याकडून लिहवून घ्या. लिहिलेले वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. विहिरीत भावकीचा हिस्सा असेल तर तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कांत’ आहे की नाही, ते आताच तपासा. निवाडा झाल्यावर रक्कम कमी वाटली, तर पैसे घेताना ‘तक्रार राखून घेतले’ असे त्याच कागदावर लिहा. तसे न लिहिता मुकाट्याने पैसे घेतलेत की वाढीव मोबदल्याचे दार बंद झाले. आणि तक्रार दाखल करण्याची मुदत सहा आठवड्यांची आहे, वर्षाची नव्हे.

कायद्याला पळवाटाही आहेत, त्या झाकून ठेवणे बरे नव्हे. आपल्या राज्याने २०१८ साली दुरुस्ती करून काही प्रकारच्या कामांना सामाजिक परिणामांच्या चौकशीतून सूट दिली आहे. दुसरी वाट थेट खरेदीची. त्यात संपादनच होत नाही, खाजगी बोलणी करून खरेदीखत होते. रक्कम बरी दिसते. पण ती ज्याचे सातबाऱ्यावर नाव आहे त्यालाच. वाटेकरी आणि कारागीर पुन्हा कागदाबाहेर, अगदी मुळशीसारखे! म्हणून थेट खरेदीचा प्रस्ताव घेऊन कोणी आला तर एकेकट्याने ओट्यावर बसवून चहा पाजू नका. त्याला येथे देवळापुढे आणा, आणि गावात ज्यांना जमीन नाही त्यांचे काय, हा प्रश्न जमीनवाल्यांनीच विचारा. मोजणीच्या वाऱ्यावर स्वस्तात रान घ्यायला दलालही येतील. तालुक्याच्या गावी ही बातमी तुमच्याआधी पोचलेली असते.

‘मास्तर, इतके लिहिणार कोण?’ असे आम्हांस मघाशी एका बाईंनी विचारले. प्रश्न रास्त आहे. येथल्या शाळेतून सातवी-दहावी झालेली पोरे-पोरी गावात आहेत. आम्ही येथल्या मास्तरांशी बोललो आहोत. उद्यापासून आठ दिवस दिवेलागणीनंतर शाळेची मोठी खोली उघडी राहील. दोन-दोन पोरांनी एकेक आळी वाटून घ्यावी. एक वही गावची करावयाची. प्रत्येक चुलीचे पान वेगळे: घरात माणसे किती, कोण कशावर पोट भरते, किती वर्षे, कोणाच्या शेतात, कोणते हत्यार, किती गुरे, किती झाडे. सुरुवात वेशीबाहेरच्या पालांपासून करा. वाड्यापासून सुरुवात केली तर पालांपर्यंत पोचता पोचता वही भरून जाईल, हा आमचा अनुभव आहे. जनरल रजिस्टराच्या नकला आम्ही रविवारी येऊन करू लागू. येताना प्रत्येकाने रेशनकार्ड, आठ-अ आणि घरात पत्र्याच्या पेटीत असतील ते सारे जुने कागद आणावे; वाळवी लागलेलेही आणावे. ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनी नुसते यावे.